आप्पांच्या डबीतला चिंचोका

आमच्या माकणी गावात आणि पोरगी जाते त्या लोहाऱ्याच्या शाळेतल्या आयांमधी माझं एक नाव झालं होतं. पोरांनी मोबाइलवर काय बघावं, काय बघू नये, ते महादेवीला विचारा. पोरीच्या वर्गातल्या अर्पिताची आई विचारायची, शेजारची विचारायची, एकदा तर पालक सभेत मॅडमनी मलाच उभं केलं. मी पण शहाणी. व्हिडिओ सुरुवातीपास्नं शेवटापर्यंत बघायची आणि ग्रुपवर निकाल टाकायची. शिव्या हायत का, रगत हाय का, पोरीबाळींविषयी वंगाळ बोलतो का, पैसे लावायचा गेम हाय का. ह्यातलं काय नसलं की पास. 'उचापती' म्हणून एक चॅनल होतं, ठोकळ्यांच्या गेममधी दोस्तांच्या खोड्या काढणाऱ्या पोराचं. ते म्या पास केलं होतं. वर लिहिलं पण होतं, बिनघोर बघू द्या, आमची पिऊ तर हसून हसून लोळती.

पिऊ म्हंजे आमची शिवप्रिया, चौथीतली. आप्पांच्या लई लाडाची. आप्पा म्हंजे माझे सासरे, महालिंगप्पा. आमी लिंगायत, गळ्यात इष्टलिंग घरात सगळ्यांच्याच. पण आप्पांची गोष्ट निराळी. त्यांच्या गुरूनं लहानपणी तळहातावर ठेवलेलं ते लिंग चांदीच्या डबीत, छातीवर. आंघोळीला काढत न्हाईत, झोपताना काढत न्हाईत. सकाळी भस्म लावून ते डाव्या हातावर घ्यायचं, पाणी, बेल, डोळे मिटून जप. ती पूजा झाल्याबिगर तोंडात पाण्याचा थेंब घेत न्हाईत.

आता आप्पांना साखरेचा आजार. डॉक्टरनं इन्सुलिनची सुई लावून दिलेली, आणि सुई टोचली की लगेच जेवायचं असं बजावलेलं. तर आमच्या घरात एक रीत बसून गेली होती. आंघोळ झाली की मी पोटात सुई टोचणार, मग आप्पा पूजेला बसणार, त्यांची पूजा उरकंस्तोवर माझी ताटात भाकरी. पूजेला असा कितीसा वेळ लागतो? कधी काही झालं न्हाय, म्हणून कधी काही होईल असं कुणाच्या डोक्यातबी आलं न्हाय.

त्या दिवशी पिऊ शाळेच्या गाडीत बसून गेली. माझे मालक विरेश दुकानाचा माल आणायला पहाटंच सोलापूरला गेलेले. म्या आप्पांना सुई टोचली आणि चुलीकडं वळले. तवा गरम झाला न्हाय तोवर सोप्यातून आत्यांची हाक आली. आत्या म्हंजे सासूबाई, प्रेमाबाई. बाई कधी मोठ्यानं बोलत न्हाय, म्हणून मी पीठ भरल्या हातानंच पळाले.

आप्पा पाटावर बसले होते. डबी उघडी होती, आणि त्यांच्या डाव्या तळहातावर चिंचोका होता. काळा, चकचकीत, धुऊन पुसून ठेवल्यागत.

"हे काय?" म्या विचारलं.

"डबीत हेच होतं," आत्या म्हणाल्या. "लिंग न्हाय त्यात."

आप्पा नुसते त्या चिंचोक्याकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "देवरु होदा." आप्पा घाबरले की कानडीत जातात. माझा देव गेला, असं ते म्हणत होते.

आमी सगळं घर पालथं घातलं. अंथरुणं झटकली, न्हाणीची मोरी बघितली, देवघर, फडताळ, उंबऱ्याच्या फटी. आत्या मधीच थांबून म्हणाल्या की हे कुणीतरी केलंय, कुणाची तरी वाईट नजर हाय, न्हायतर बंद डबीत चिंचोका येतोच कसा. तुमाला सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींना हसणारी. पण डबीचं झाकण घट्ट, डबी गळ्यात, गळा आप्पांचा, आणि आत चिंचोका. मला हसू आलं न्हाय.

आणि मग माझी नजर खिडकीतल्या इन्सुलिनच्या पेनावर गेली. सुई टोचून किती वेळ झाला होता?

"आप्पा, आधी दोन घास खाऊन घ्या," म्या म्हटलं. "मग शोधू. सापडतंय की."

"न्हाय."

"नुसतं साखरेचं पाणी तरी."

"नीर बेडा, महादेवी." पाणी नको. "लिंग हातावर आल्याबिगर न्हाय."

ह्या घरात सगळ्यांना म्हायती हाय, आप्पांच्या चुलत्याचं लिंग एकदा तेरणेत पोहताना दोरा तुटून पडलं होतं. ते काठावर बसून राहिले. माणसं डोहात बुड्या मारत होती आणि ते पाण्याकडं पाठ करून बसलेले, सापडंस्तोवर ओठ ओले केले न्हाईत. आप्पा ही गोष्ट अभिमानानं सांगायचे. पण त्या चुलत्याच्या पोटात कुणी सुई टोचली नव्हती.

म्या डॉक्टरला फोन लावला. ते लोहाऱ्यात. ऐकूनच त्यांचा आवाज बदलला. "शुद्धीवर आहेत तोवर साखर पोटात गेली पाहिजे. बेशुद्ध पडले तर तोंडात काहीही घालू नका, छातीत जाईल. मी निघतो, तुम्ही अँब्युलन्सला फोन करा." म्या केला. येते म्हणाले. कुठली तरी लांबची अँब्युलन्स होती, ती कवा यायची ते देवालाच ठाऊक. विरेशना फोन केला तर ते रडायलाच लागले. म्या फोन ठेवून दिला. रडायला मलाबी येत होतं, पण ते काम नंतर करायचं होतं.

सोप्यात आले तर आप्पांच्या कपाळावर घाम. भस्माचे पट्टे ओले होऊन खाली उतरायला लागलेले. हाताला बारीक कापरं सुटलेलं. चिंचोका अजून हातातच होता, आणि तो त्या कापऱ्यानं हलत होता. त्या हलणाऱ्या चिंचोक्याकडं बघताना मला एकदम आठवलं. कालच्याला पिऊ अंगणात चिंचोके फोडत बसली होती. एक घासून घासून चकचकीत केला होता तिनं. म्या विचारलं होतं, कशाला गं एवढा घासतीस? तर म्हणाली, हिरा हाय.

हिरा. हा शब्द तिनं कुठून आणला ते मला म्हायती होतं, कारण तो व्हिडिओ म्या बघितला होता, आणि पास केला होता.

म्या तो व्हिडिओ परत शोधायला घेतला, दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग सापडला. 'उचापती'वाला त्याच्या दोस्ताच्या घरात शिरतो, दोस्त झोपलाय, त्याच्या पेटीतला हिरा काढतो आणि त्या जागी कोळसा ठेवतो. सकाळी दोस्त उठतो, पेटी उघडतो. तिथं ते पोरगं इतकं हसतं की त्याला खोकला येतो. दोस्त सगळं घर खणून काढतो, जमीन खणतो, विहीर खणतो, आणि हा त्याच्यासंगं शोधायचं नाटक करत हिंडतो. मला हवं होतं ते पुढं होतं. हिरा कुठं हाय? हिरा त्याच्याच झोळीत हाय. पहिल्यापासून त्याच्याच पाठीवर.

आणि दुसरी एक गोष्ट मला दिसली, जी पहिल्या वेळी दिसली नव्हती. तो दोस्त किती वेळ शोधतोय, त्याला काय वाटतंय, हे कुठंच न्हाय. तो रडकुंडीला आला की लगेच ढॅण्णकन वाजतं आणि पुढचं दाखवतात. म्या शिव्या मोजत बसले होते. ज्याची खोडी निघती त्याच्याकडं म्या बघितलंच नव्हतं.

मधीच मोबाइलवर वरून मेसेज घसरला. अर्पिताची आई. ताई, उचापतीचा नवा व्हिडिओ आलाय, पोरीला दाखवू का? मला तो मोबाइल भिंतीवर फोडावासा वाटला.

शाळेत फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. शेवटी कुणीतरी उचलला, म्या सांगितलं घरी जिवावर बेतलंय, शिवप्रियाला बोलवा. पिऊ आली.

"पिऊ, आप्पांचं लिंग कुठंय?"

एक बारीक हसू, दाबलेलं. "मला काय म्हायती?"

ते हसू ऐकलं आणि माझ्या डोक्यातलं रगतच उसळलं. मी ओरडले. काय काय बोलले ते सांगायला लाज वाटती. आप्पा मरायला लागलेत, तू मारलंस त्यांना, असंबी बोलले. पलीकडं नुसता श्वास, जोरजोरात. मग फोन खाली पडल्याचा आवाज, आणि मॅडमचा आवाज, "अहो, पोरगी पांढरी पडली, बोलतच न्हाय, झालं तरी काय?"

म्या म्हटलं, तिचं दप्तर बघा, आत्ता, ह्या मिनिटाला. वह्यांचा आवाज आला, डबा उघडल्याचा आवाज आला. "कंपासमध्ये रुमालात गुंडाळलेलं काळं काहीतरी हाय."

"तेच. तेच हाय. हात लावू नका, तिच्याजवळच राहू द्या."

हाय म्हटल्यावर मी तिथंच चुलीपुढं बसले. पण लगेच ध्यानात आलं, हाय ते लोहाऱ्यात, आणि आप्पा इथं. कुणी मोटरसायकल काढून गेलं आणि आणलं तरी तेवढा वेळ कुठं होता? डॉक्टर तर तिथनं कवाच निघालेले. सोप्यातून आत्या ओरडल्या, "महादेवी, हे बघ कसं करायलेत."

आप्पा भिंतीला टेकले होते. मला बघून म्हणाले, "तू कुणाची?" डोळे माझ्यावर, पण मी दिसत नसावी. शर्ट न्हाय अंगात, तरी छाती घामानं निथळत होती, रिकामी डबी त्या घामाला चिकटलेली. आत्यांनी साखरेच्या पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यांनी तो हातानं उडवला. एवढ्या गोंधळातबी तो हात बरोबर उडाला. मी तुमाला काय सांगू, मला त्या क्षणी त्या माणसाचा राग आला आणि त्याच्या पायावर डोकं ठेवावं असंबी वाटलं, दोन्ही एकदमच.

माझा हात आपोआप माझ्या गळ्याकडं गेला. माझंबी लिंग होतंच की. लग्नाच्या आधी माहेरच्या गुरूंनी दिलेलं, डबी पितळेची, एरवी पदराखाली असती. ज्याचं लिंग त्याचंच, दुसऱ्याचं हातावर घेऊन पूजा होत न्हाय, हे आमच्यात लहान पोराला ठाऊक असतं. म्या डबी उघडली. आत्यांनी बघितलं. आमच्या दोघींची नजरानजर झाली, आणि त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

"आप्पा, सापडलं," म्या म्हटलं. "देवघराच्या मागं पडलं होतं. धरा."

त्यांच्या हातातला चिंचोका काढून घेतला आणि माझं लिंग ठेवलं. बोटं मिटली. थोडा वेळ ती बोटं नुसती त्याच्यावर फिरत राहिली, आणि मी श्वास धरून बसले, कारण डोळे फसले तरी बोटं फसतील का? मग त्यांनी हात कपाळाला लावला. आत्यांनी लगेच त्याच्यावर पाण्याची धार धरली, बेल ठेवला. म्या तांब्या त्यांच्या ओठाला लावला. प्याले. अर्धं अंगावर सांडलं, पण प्याले. मग अजून एक, मग गुळाचा खडा. डॉक्टर येईस्तोवर आप्पा मला नावानं ओळखायला लागले होते. डॉक्टरनं सलाईन लावलं, बोटातून रगत काढून बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "थोडं अजून लांबलं असतं तर अवघड होतं." अँब्युलन्स आली, तिला त्यांनीच परत पाठवली.

वाटलं सुटले. पण खरी भीती तर दुपारी चालू झाली.

आप्पांनी उठून तोंड धुतलं आणि परत पूजेला बसले. माझं लिंग तळहातावर घेऊन रडायला लागले. एवढा म्हातारा माणूस, लेकरागत. "मला सोडून गेला न्हाईस रे बाबा," असं त्याला म्हणत होते. मी दाराआड उभी. मधीच ते थांबले, हात जरा वरखाली केला आणि म्हणाले, "महादेवी, आज हलकं का लागतंय?"

"साखर उतरल्यावर असंच लागतं आप्पा," म्या म्हटलं. एक खोटं बोललं की दुसरं तयारच असतं. मला माझीच भीती वाटली.

माझा बेत ठरला होता. पिऊ गाडीतून उतरली की तिथंच तिच्याकडून लिंग घ्यायचं, आप्पांचा डोळा लागला की डबीत बदलायचं, माझं मला. कुणाला कळणार न्हाय. झोपलेल्या माणसाची डबी उघडायची. पोरीनं जे केलं तेच, तस्संच. हे कळत होतं मला, तरी मी गाडी यायच्या कितीतरी आधी फाट्यावर जाऊन उभी राहिले.

गाडी आली. पिऊ उतरली न्हाय. ड्रायव्हर म्हणाला, "ती मागच्या वळणावरच उतरली ताई. रडत होती. आई मारील म्हणाली."

मी चपला हातात घेऊन पळाले. त्या वळणावरून मधल्या वाटेनं आमच्या मागच्या दाराशी येता येतं. घरात शिरले तेव्हा दप्तर सोप्याच्या मधोमध पडलं होतं. पिऊ आप्पांच्या खाटेपाशी उभी होती, तिच्या पुढं केलेल्या हातावर रुमाल, रुमालावर आप्पांचं लिंग. हुंदक्यांनी तिचं अंग हलत होतं.

"प्रँक होता आप्पा," ती म्हणत होती. "संध्याकाळी देणारच होते मी. दिवसभर शोधायचं असतं, आणि मग सगळ्यांनी हसायचं असतं. तुमी मरू नका."

आप्पांनी ते उचललं. बोटं एकदाच फिरवली, आणि त्यांना कळलं. मग गळ्यातली डबी उघडून त्यातलं दुसरं काढलं. एक ह्या हातावर, एक त्या हातावर. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या गळ्यातल्या डबीचं झाकण मी सकाळपासून लावलंच नव्हतं.

"हे तुझं?"

"व्हय."

"देवघराच्या मागं सापडलं म्हणालीस."

म्या मान हलवली.

"मी दुपारभर ह्याच्यापुढं रडलो," आप्पा म्हणाले. आवाज चढला न्हाय. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझं लिंग माझ्या हातावर ठेवलं आणि पिऊकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्या लेकरानं मला फसवलं, तू बी फसवलंस. तुझ्यामुळं जगलो, ते कळतंय मला. आता सांगा, हसायचं कवा?"

पिऊ रडायची थांबली. तिनं खरंच माझ्याकडं बघितलं, आईला म्हायती असेल म्हणून. आत्या दारात उभ्या होत्या.

संध्याकाळी मी सुईचं पेन घेऊन त्यांच्यापुढं बसले. आप्पांनी शर्ट वर केला न्हाय. आधी डबी उघडली, लिंग हातावर घेतलं, बोटं फिरवून बघितलं, परत ठेवलं, झाकण दाबून बघितलं. मग म्हणाले, "ताट आण. ताट समोर दिसू दे, मग टोच."

म्या ताट आणलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि तोंडाशी नेता नेता माझ्याकडं बघून विचारलं, "ही ज्वारीचीच हाय न्हवं?"